नवीन गणवेशाच्या कागदावर सही करू का? (सातारा-सांगलीकडच्या पालकांना विचारतेय)

मोती_चौक (सातारा) · १२ एप्रिल, रात्री १०.४०

नमस्कार. इतके दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मुलगी जूनमध्ये पाचवीत जाईल, मुलगा दुसरीत. दोघं साताऱ्यातल्या एकाच खासगी शाळेत आहेत. शाळेचं नाव लिहीत नाही, कृपया कुणी अंदाजही बांधू नका. शुक्रवारी दप्तरातून एक कागद आला. जूनपासून गणवेश बदलणार. आजवर पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट किंवा पँट, एवढंच होतं. आता सोमवार ते गुरुवार चेक्सचा शर्ट आणि वर जाकीट. शुक्रवारी हाऊसच्या रंगाचा टीशर्ट, ट्रॅकपँट. शनिवारी सगळं पांढरं, बूटसुद्धा. शिवाय शाळेच्या नावाचा स्वेटर. सगळं एकाच दुकानातून घ्यायचं. खाली 'मला मान्य आहे' आणि पालकाची सही.

दुकानात विचारून आले. दोघांचे मिळून नऊ हजार चारशे, त्यात बूट नाहीत. मुलीचे दोन स्कर्ट अजून धडधाकट आहेत. शिवतानाच मी भरपूर दाब ठेवायला सांगितला होता, यंदा दोन बोटं सोडले असते की वर्ष निघालं असतं. धाकट्याला चुलतभावाचे शर्ट येणार होते. ते सगळं आता फडक्याच्या पिशवीत जाणार.

हे म्हणतात, सही करून मोकळी हो, पोरांना वर्गात त्रास नको. सासूबाई म्हणतात, गणवेशच कशाला हवा, कपाटात कपडे मावत नाहीत. मला दोन्ही पटत नाही. मला गणवेश हवाय. गेल्या वर्षी बालदिनाला रंगीत कपडे घालून यायचं होतं. आदल्या रात्री मुलगी दोन तास कपाटापुढे बसली. सकाळी पोटात दुखतंय म्हणाली आणि गेलीच नाही. दुपारी कळलं, तिचा फ्रॉक मागच्या बालदिनालाही तोच होता आणि मैत्रिणींच्या ते लक्षात राहिलं असतं, एवढंच कारण. वर्षातून एक दिवस हे होतं, तर रोज काय होईल?

शनिवारी १८ तारखेला पालकसभा आहे. तोवर तुमचे अनुभव सांगा. गणवेशाच्या बाजूचे, विरोधातले, दोन्ही.

पोवई_नाका · १२ एप्रिल, रात्री ११.१५

माझं मत सरळ विरोधातलं आहे. गणवेशानं सगळी मुलं सारखी होतात असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. प्रत्यक्षात दप्तर, पाण्याची बाटली, घड्याळ, डबा आणि गेटपाशी कोण कशातून उतरतं यावरून पहिलीतलं पोरही सगळं ओळखतं. कपडे झाकून ते झाकलं जात नाही. अभ्यासाचं म्हणाल तर अमेरिकेत १९९८ साली डेव्हिड ब्रन्स्मा आणि केरी ॲन रॉकमोर यांनी दहावीच्या मुलांची माहिती तपासली होती. गणवेशामुळे हजेरीत किंवा वागणुकीत थेट सुधारणा झाल्याचं त्यांना दिसलं नाही. मग नऊ हजार कशासाठी?

मुलांना स्वतःचे कपडे स्वतः निवडायला कधी शिकवणार? थेट कॉलेजात?

कुपवाड_एमआयडीसी (सांगली) · १३ एप्रिल, सकाळी ६.५०

दादा, डब्यावरून कळतं हे खरं आहे. पण माझा अनुभव ऐका.

मी फौंड्रीत कामाला आहे. मुलगा शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांत चांगल्या शाळेत लागला, फी नाही. गणवेश मात्र आमचा आम्ही घेतला. पहिल्या वर्षी शाळा सुरू झाली १५ जूनला आणि माझ्या हातात पैसे नव्हते. आठ-नऊ दिवस पोरगं घरच्या कपड्यांत गेलं. बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत, ते मी मान्य करतो. पण प्रार्थनेच्या रांगेत दीडशे पोरांत रंगीत शर्टाचा हा एकटा. येणारा-जाणारा विचारायचा, तुझा ड्रेस कुठाय? शेवटी भिशीतून चार हजार उचलले. ड्रेस घालून गेला त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, पप्पा, आज मला कुणी काही विचारलं नाही.

त्यामुळं गणवेश बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्या पोराला त्याची जेवढी गरज आहे तेवढी मोटारीतून येणाऱ्याला नाही. आणि तो जड जातो तोही आम्हालाच. चार हजारांत बूट आले, जाकीट आलं, टाय आला. टायची खरंच गरज होती का, एवढंच मला विचारायचंय.

गावभागकर (सांगली) · १३ एप्रिल, दुपारी २.०५

कुपवाडच्या दादांचं वाचून २०१९ चा ऑगस्ट आठवला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या गावभागातल्या घरात तळमजला पूर्ण बुडाला. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर गाळाशिवाय काही नव्हतं. वह्या गेल्या, दप्तर गेलं, दोन्ही ड्रेस गेले.

शाळेनं मोठ्या मनानं सांगितलं, दिवाळीपर्यंत कुठलेही कपडे चालतील. त्या वेळी ते अगदी योग्यच होतं. पण त्या दोन महिन्यांत वर्गात काय दिसायचं? विश्रामबागेकडे पाणी आलं नव्हतं तिथली मुलं आपापल्या कपड्यांत, आणि आमच्याकडची मदतीत आलेल्या कपड्यांत. कुणाच्या बाह्या लोंबतायत, कुणाचा फ्रॉक गुडघ्याच्या वर चढलाय. ज्यांनी दिले त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण कुणाच्या घरात पाणी शिरलंय ते दारातून बघूनच कळायचं. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. गाळात सापडलेला एक युनिफॉर्म मी पाच वेळा धुतला, तरी पिवळट डाग राहिले. तरी तिनं तोच घातला. मी म्हटलं, अगं, डाग दिसतायत. ती म्हणाली, डाग असू देत, पण शाळेचा आहे.

मोती चौक ताई, गणवेश हवाच. सही मात्र त्या कागदावर करू नका.

शिलाई_कराड · १३ एप्रिल, रात्री ९.३०

मी कराडला शिवणकाम करते, बावीस वर्षं झाली. मे-जूनमध्ये रात्री एक-एक वाजेपर्यंत मशीन चालू असते, म्हणून यातलं थोडं कळतं.

ताई, तुमच्या कागदातली खरी मेख चेक्सच्या शर्टात आहे. पांढरं, निळं, खाकी कापड कुठल्याही पेठेत मिळतं. साताऱ्यात घ्या, कराडात घ्या, सांगलीच्या कापड पेठेत घ्या. चेक्सचं तसं नसतं. ठरावीक रंगाची रेघ, ठरावीक अंतरावर, अशी मागणी देऊन विणून घेतात. ते तागे एकाच दुकानदाराकडे येतात. मग त्याच्याकडे गेल्याशिवाय तुम्हाला गत्यंतर नाही, भाव तो ठरवेल तो. एकाच दुकानातून घ्या असं कागदावर लिहिलं नसतं तरी तेच झालं असतं.

दुसरी गोष्ट कापडाची. शर्टाला जुनं टेरीकॉट असायचं, सदुसष्ट टक्के पॉलिस्टर आणि तेहतीस टक्के सुती. तेवढं सुती असलं तरी घाम टिपतं. आता स्वस्तात पूर्ण पॉलिस्टर खपवतात. दिसायला चकचकीत, इस्त्रीला सोपं, पण मार्च-एप्रिलात दुपारच्या पत्र्याच्या वर्गात पोरांच्या मानेला घामोळं उठतं. ओळखायचं सोपं आहे. कडेचे दोन धागे ओढून ताटलीत जाळून बघा. सुताची राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. राख आणि गाठ दोन्ही दिसली तर मिश्रण आहे.

तिसरं, दुकानातल्या तयार स्कर्टला दाब नसतो. अर्धा इंच दुमडून टीप मारलेली असते. प्लेटच्या स्कर्टला कमरेच्या तिप्पट कापड लागतं, तिथंही चोरतात, मग प्लेटा बसत नाहीत, उघड्या पडतात. पाचवीची पोर वर्षात दोन-तीन इंच सहज वाढते. शिवून घेतलेला स्कर्ट दोन वर्षं जातो, तयार घेतलेला दिवाळीला आखूड. शिवाय पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात जुलैमध्ये कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. तीन तऱ्हांचा एकेक ड्रेस असण्यापेक्षा एका तऱ्हेचे तीन असले तर आईची चुलीवर वाळवायची कसरत वाचते.

पोवई_नाका · १३ एप्रिल, रात्री १०.१०

ताई, हे मला काहीच माहीत नव्हतं. कालच्या माझ्या प्रतिसादात मी गणवेश आणि दुकानदारी या दोन्हींना एकाच मापानं मोजलं. कुपवाडच्या दादांचं वाचल्यावर गणवेशाला विरोध करताना शब्द अडतो. मुलांना निवडीची सवय हवी हे मात्र मी सोडत नाही.

गुरुजी_जत · १३ एप्रिल, रात्री ११.००

मी जत तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. आमच्याकडचं चित्र वेगळं आहे. दिवाळीनंतर निम्मे आईबाप ऊसतोडीला जातात. शाळेचा ड्रेस हाच पोराचा चांगला ड्रेस. लग्नात तोच, जत्रेला तोच, पाहुण्याकडे जाताना तोच. त्यामुळं गणवेशानं व्यक्तिमत्त्व दबतं ही चर्चा माझ्या वर्गात कुणाला कळणार नाही.

सरकारी गणवेशाचा हिशोब सांगतो. समग्र शिक्षा योजनेतून पहिली ते आठवीला दोन गणवेशांचे वर्षाला ६०० रुपये, म्हणजे एकाचे ३००. पहिलीतल्या पोराला तीनशे आणि आठवीतल्या उंच पोरीलाही तीनशे. कापड दोघांना सारखं लागतं का? पूर्वी तर मुलींना सगळ्यांना गणवेश मिळायचा, पण मुलग्यांपैकी फक्त अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालचे एवढ्यांनाच. एका बाकावर दोन मित्र, एकाला नवा ड्रेस, दुसऱ्याला नाही. 'गुर्जी, मला का न्हाई?' याचं उत्तर सातवीतल्या पोराला देताना माझी मान खाली जायची. २०२३-२४ पासून राज्यानं उरलेल्या मुलांनाही गणवेश दिला, बूट-मोजेही दिले. ते मनापासून चांगलं झालं.

पुढच्याच वर्षी 'एक राज्य एक गणवेश' आलं. कापड वरून येणार, शिवणार महिला बचत गट. हेतू वाईट नव्हता, गावातल्या बायकांना काम मिळणार होतं. पण माप पोराच्या अंगाचं घ्यावं लागतं, ते वरून येत नाही. स्वातंत्र्यदिन उलटला तरी राज्यभर कितीतरी शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत होती. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं निर्णय फिरवला आणि अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीला दिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात. गावच्या शिंप्याला पोरं पाठ असतात. हा लवकर वाढणारा, हिला सैल लागतं, हे त्याला सांगावं लागत नाही.

मोती चौक ताई, तुमची शाळा विनाअनुदानित असेल तर ही समिती नसेल, पण पालक-शिक्षक संघ असणारच. आधी विचारा की हा बदल संघाच्या बैठकीत मांडला होता का. आणि विशिष्ट दुकानातूनच खरेदीची सक्ती करता येत नाही, हे शिक्षण विभागानं शाळांना पूर्वीच बजावलेलं आहे. तेही शांतपणे, लेखी विचारा.

जुना_सातारकर · १४ एप्रिल, सकाळी ११.२०

आत्ताच प्रतापसिंह हायस्कूलपाशी जाऊन आलो. आज जयंती. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव या शाळेत दाखल झालं. तो दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या मुलाला वर्गात वेगळं बसवत, बसायचं गोणपाट त्यानं घरून न्यायचं. अंगावर सगळ्यांसारखे कपडे असते तरी त्याची जागा बदलली नसती. गणवेशानं समता येते असं कुणी म्हणालं की मला ते गोणपाट आठवतं.

कर्मवीर अण्णांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ साली गांधीजी ते बघायला आले होते. समता आली ती पंगतीतून आणि एकत्र केलेल्या कामातून. कपड्याचं काम त्या मानानं लहान आहे, पण आहे.

मी १९६८ साली पाचवीत गेलो. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा. शाळेनं फक्त रंग सांगितला होता. वडिलांनी बाजारच्या दिवशी जाडंभरडं कापड घेतलं, आळीतल्या शिंप्यानं शिवलं. शेजारचा वकिलांचा मुलगा तलम कापडाची घालायचा. जवळून फरक दिसायचा, लांबून नाही. आम्हाला तेवढं पुरलं.

नववीची_आई (वाई) · १४ एप्रिल, दुपारी ३.४०

इथे पुरुष मंडळीही वाचतायत, तरी लिहितेच.

शनिवारचा पांढरा गणवेश. माझी मुलगी महिन्यातला एक शनिवार शाळेत जात नाही. पांढरी सलवार, पांढरा कुर्ता, त्यात कवायत. एकदा डाग पडला, मैत्रिणीनं ओढणी कमरेला बांधून तिला घरी सोडलं. त्यानंतर तारीख जवळ आली की ती शुक्रवारी रात्रीच गप्प होते. वर्षाचे किती शनिवार गेले हे मोजायचं मी सोडून दिलंय. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या कपड्यांच्या स्पर्धेनंही २०२३ पासून बायकांना आत गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी दिली. आमच्या शाळेला सलवारीचा रंग बदलायला काय हरकत आहे?

मी दोनदा तोंडी सांगितलं. 'बघू' म्हणाले. ज्या सभेत गणवेश ठरतो तिथे पाचवी ते दहावीच्या मुलींना एकदा तरी विचारावं, एवढंच माझं म्हणणं आहे. सायकलवरून येणाऱ्या मुलींनाही विचारावं, आखूड स्कर्ट घालून पॅडल मारताना किती अवघड होतं ते.

गावभागकर (सांगली) · १४ एप्रिल, दुपारी ४.००

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्याही लेकीचं असंच होतं, मी मात्र कधी शाळेत बोलले नाही.

मिरज_स्टेशन · १४ एप्रिल, रात्री ८.१५

आमच्या मुलींच्या शाळेत स्कार्फवरून कुजबुज सुरू झाली होती. शेजारच्या कर्नाटकात २०२२ मध्ये प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, सुप्रीम कोर्टातही दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. आमच्या मुख्याध्यापक बाईंनी पालकांना बोलावलं, चहा दिला आणि विचारलं. ठरलं असं की ज्यांना घालायचाय त्यांनी गणवेशाच्याच निळ्या रंगाचा घालावा. दहा मिनिटांत संपलं. माझी मुलगी घालते, तिची बाकावरची मैत्रीण घालत नाही, दोघी एका डब्यात जेवतात.

शांत_घर (सातारा) · १५ एप्रिल, सकाळी १०.३०

माझ्या मुलाला कॉलर, लेबल, मोज्याची शिवण सहन होत नाही. तो स्वमग्न आहे. गळ्याचं बटण लावलं की त्याचं सगळं लक्ष तिथेच, फळ्याकडे नाही. पहिल्या शाळेत रोज टोकायचे. आताच्या शाळेत त्याच रंगाचा बिनकॉलरचा सुती टीशर्ट चालवून घेतात, लेबल मी उसवून टाकते. नियम करताना एक ओळ वाढवा, ज्याला त्रास होतो त्याला सूट. प्रमाणपत्रं मागत बसू नका.

मोती_चौक · १५ एप्रिल, रात्री १०.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री वाचतेय. मला नक्की काय बोचत होतं ते शिलाईताई आणि जुन्या सातारकर काकांमुळे कळलं. गणवेश नकोसा नव्हताच. शाळेनं रंग सांगावा, दुकान सांगू नये, एवढंच मला म्हणायचं होतं.

सात आयांनी मिळून अर्ज लिहिलाय. साधा रंग ठेवा. बिल्ला वेगळा द्या, आम्ही खिशावर शिवू. कापडाचा नमुना फलकावर लावा. जुना गणवेश वर्षभर चालू द्या. मोठ्या मुलींना शनिवारी गडद सलवार द्या. शांत घर ताईंची ओळ शेवटी घातलीय, त्यांच्याच शब्दांत.

माझ्या नणंदेनं इंग्लंडमधून कळवलं की तिकडे २०२१ मध्ये यासाठी कायदाच झाला. शाळेच्या नावाचे कपडे कमीत कमी ठेवायचे आणि जुने गणवेश मिळायची सोय करायची. तेही सभेत सांगणार आहे. आवाज कापला नाही म्हणजे मिळवली.

कुपवाड_एमआयडीसी (सांगली) · १६ एप्रिल, सकाळी ६.४५

ताई, पंचवीस टक्क्यांतले आईबाप सभेत बोलत नाहीत. बोललो तर पोराला त्रास होईल असं वाटतं. त्यांच्या वतीनं तुम्ही बोला.

मोती_चौक · १८ एप्रिल, संध्याकाळी ७.२०

सभा झाली. अर्जावर त्रेपन्न सह्या झाल्या. निम्म्या तर सभागृहाच्या दारातच झाल्या.

जाकीट ऐच्छिक झालं. स्वेटर कुठलाही निळा चालेल. कापडाचा नमुना फलकावर लावतील, पण चेक्स काही हटला नाही. पुढचे तागे आधीच सांगून ठेवलेत म्हणाले. त्यावर एक बाबा उठून म्हणाले, मग आम्हाला विचारायच्या आधीच सांगून ठेवलेत ना? त्याला उत्तर आलं नाही. जुना गणवेश आम्ही वर्षभर मागितला होता, दिवाळीपर्यंत मिळाला. गडद सलवारीचं मुख्याध्यापकांनी लिहून घेतलं, दोन शिक्षिका लगेच उठून आमच्या बाजूनं बोलल्या. ते जूनच्या आत करू म्हणालेत. कुपवाडच्या दादांचंही मी सांगितलं, नाव-गाव न घेता. सभागृह एकदम शांत झालं होतं. पंचवीस टक्क्यांतल्या मुलांचा खर्च शाळेनं उचलावा यावर संस्थेशी बोलून कळवतील. मी दर सोमवारी जाऊन विचारणार आहे.

त्या कागदावर मी 'मला मान्य आहे' खोडलं, 'अर्ज सोबत जोडला आहे' असं लिहिलं आणि सही केली.

घरी येऊन मुलीचा स्कर्ट सोडला. दोन बोटं निघालं. जुन्या दुमडीची रेघ मात्र दिसतेय.

शिलाई_कराड · १८ एप्रिल, रात्री ९.०५

रेघेवर ओला रुमाल ठेवून इस्त्री दाबा, ओढू नका. दोनदा करा. तरी राहिली तर तिच्यावरच निळ्या दोऱ्याची टीप मारा, मुद्दाम घातल्यासारखी दिसते. आणि चेक्सचा नमुना मिळाला की दोन धागे जाळून काय झालं ते इथं लिहा.